खाऱ्या कुरणाचं गवत

१

पाऊस पडावा म्हणून संत रोकची मूर्ती खांद्यावर घेऊन सगळं व्हेझोल गाव टेकडीवरच्या चॅपेलकडे निघालं होतं, आणि नेमकी तेव्हाच खाली गावात आग लागली.

शहात्तर सालचा तो उन्हाळा. कांतालच्या डोंगरात ऑगस्टमध्ये कंबरेएवढं हिरवं गवत असायचं. त्या वर्षी तिथे पायाखाली चटके देणारी तांबूस माती तेवढी उरली होती. ओढे आटले होते. उन्हाळाभर डोंगरावर राहणारे कळप जुलैतच खाली आणावे लागले होते, आणि त्यांना खाली तरी घालायचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर बसलेला होता.

सोलांज बेर्जो ही गुरांची डॉक्टर. देवधर्माशी तिचं फारसं नातं नव्हतं, पण ज्यांच्या गाई मरायला टेकल्यात त्यांच्यासोबत चार पावलं चालावं म्हणून ती मिरवणुकीच्या शेवटी होती. मूर्तीचा पुढचा दांडा ओनेझिम व्हिदालांकच्या खांद्यावर होता. सत्तरीचा हा विधुर गावातला सगळ्यात मानाचा गुरं पाळणारा. त्याच्या तांबड्या, वाकड्या शिंगांच्या सालेर गाई म्हणजे अख्ख्या खोऱ्याचा अभिमान. 'बाईमाणसाला गाईच्या पोटात हात घालू द्यायचा काय' असं सगळे म्हणत होते, तेव्हा ह्याच माणसाने पहिल्यांदा सोलांजला आपल्या गोठ्यात बोलावलं होतं. ती त्याला काका म्हणायची आणि तो तिला पोरी.

चॅपेलच्या पायऱ्यांशी कुणीतरी मागे वळून पाहिलं. खाली, गावाच्या वेशीवर, सरळ उभा काळा धूर होता.

"जुनी डेअरी," लेओनी व्हालादू म्हणाली. ती ओरडली नाही. नुसती तेवढं म्हणाली आणि उताराने धावत सुटली.

डेअरी बंद पडून वर्षं झाली होती. त्या पंचायतीच्या शेडमध्ये आता लेओनीचं गवत होतं, वर्षभर पुरवायचं सगळं गवत. गवताचा ट्रक तिच्या घराकडचं वळण चढू शकला नव्हता, म्हणून ते खालीच उतरवून घेतलं होतं.

लोक पोचले तोवर छप्पर कोसळलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं, टँकर रिकामा होता. ओनेझिम मात्र थांबला नाही. तो आत घुसला आणि एक पेटता गठ्ठा ओढून काढायला गेला. दोघांनी त्याला कोटाला धरून मागे खेचलं, तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. सोलांजने गुरांच्या मलमाने त्याचे हात बांधले. 

गवत आपोआप पेटतं कधीकधी, कुणीतरी म्हणालं. सोलांजने नकारार्थी मान हलवली. ओलसर गवत रचलं तर ते आतून तापतं आणि पेट घेतं. हे तर गेल्या सालचं, खडखडीत वाळलेलं गवत होतं. मग घोळक्यातला एकेकजण मिरवणुकीला कोण आलं नव्हतं ते आठवू लागला.

"बातिस्त रूमेगू," कुणीतरी मागून पुटपुटलं.

२

पोलीस आले, राख पाहिली, कुणीतरी सिगारेट टाकली असेल म्हणाले आणि गेले. त्या महिन्यात सगळीकडेच आगी लागत होत्या. एका बाईच्या गवतासाठी थांबायला त्यांना सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलांज लेओनीकडे गेली, तर अंगणात शास्तांची मोटार उभी. शास्तां म्हणजे गुरांचा व्यापारी. गुळगुळीत दाढी, धुतलेले बूट आणि दुष्काळातही सुटलेलं पोट. लेओनीच्या गाईंच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणत होता की वाईट झालं, फार वाईट झालं, पण शनिवारपर्यंत काय ते कळवलंत तर तो सगळ्या एकदम घेईल. नंतर भाव पडणारच आहे.

"आग विझून दिवस नाही झाला, शास्तां," सोलांज म्हणाली.

"म्हणूनच आलो, डॉक्टर. उद्या दुसरा कुणी आला असता." त्याने टोपीला हात लावला आणि तो निघून गेला.

लेओनी पंचेचाळिशीची, हाडापेराने मजबूत. नवरा क्लेरमाँला दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला, तेव्हा तिने फक्त त्याचे बूट दाराबाहेर ठेवले होते. तिने कॉफी ओतली आणि सोलांज विचारत गेली तसं सांगत गेली. जूनमध्येच तिला दुष्काळाचा रंग दिसला होता. गाव अजून पावसाची वाट पाहत असताना ती बसने, रेल्वेने थेट समुद्रापर्यंत गेली. तिथे भरतीचं पाणी चढतं त्या खाऱ्या कुरणांतलं गेल्या वर्षीचं गवत एका म्हाताऱ्याकडे पडून होतं. गाव हसलं होतं. ओनेझिमने तर तोंडावर सांगितलं होतं की मासळीचा वास येणारं गवत सालेर गाई हुंगणारही नाहीत.

"आणि खाल्लं?"

"चाटूनपुसून. वर माझं मीठही वाचलं. गव्हाणीतल्या मिठाच्या खड्याला त्या तोंड लावीनात. पाणी मात्र ढोसायच्या."

डेअरीतून वर गवत कोण आणायचं, हेही सोलांजने विचारलं. तिचा स्वतःचा ट्रॅक्टर बंद पडला होता. ओनेझिम आणून द्यायचा, आठवड्याला एक खेप. त्याहून जास्त तिला नकोच होतं. ती पुरवून पुरवून घालत होती. शेडची एक किल्ली तिच्याकडे, एक त्याच्याकडे.

"त्यांचे हात कसे आहेत?" तिने विचारलं. "माझ्यासाठी भाजून घेतलं त्यांनी."

सोलांजने घराच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे गंजक्या तारांचं मोठं भेंडोळं टांगलेलं होतं. समुद्राकाठच्या त्या म्हाताऱ्याचं गठ्ठे बांधायचं यंत्र जुनं होतं, सुतळीऐवजी तार वापरणारं. पहिल्याच दिवशी सोलांजने लेओनीला बजावलं होतं की गठ्ठा सोडलात की तार मोजून खिळ्याला लावा. तारेचा तुकडा गाईच्या पोटात गेला की आतून टोचत टोचत काळजापर्यंत पोचतो. ह्या कामात लेओनीने कधी हयगय केली नव्हती.

ते भेंडोळं बघूनच सोलांजला आठवलं की राखेत तारा पडल्या असणार. वारा सुटला, गुरं तिथून गेली, तर घात होईल. परतताना ती डेअरीशी थांबली आणि फावड्याने राख उकरू लागली.

मागच्या भिंतीलगत तारा निघाल्या, जळून काळ्या पडलेल्या, एकीला लागून एक. ती पुढे सरकली. मधल्या भागात राख होती, पण पातळ, आणि तार एकही नाही. दाराकडेही नाही. तिने सगळी शेड पुन्हा पालथी घातली. गवत जळतं, छप्पर जळतं, पण लोखंडी तार जळून नाहीशी होत नाही. छताला भिडलेल्या त्या गंजीच्या तारा बैलगाडीभर निघायला हव्या होत्या, आणि तिच्या हातात जेमतेम एक मोळी होती.

ती राखेतच उकिडवी बसून राहिली. लेओनीचं गवत जळालेलं नव्हतं. आधी कुणीतरी ते नेलं होतं आणि मग मागे उरलेल्या एका रांगेला काडी लावली होती.

म्हणजे गवत अजून कुठेतरी होतं, आणि कुणाच्या तरी गाई ते खात होत्या.

३

बातिस्त रूमेगूचं घर दोन रस्त्यांच्या फाट्यावर होतं. एक रस्ता लेओनीकडे, दुसरा डोंगरावर. सोलांज पोचली तेव्हा तो खिडकीला पुठ्ठा ठोकत होता. रात्री कुणीतरी काचा फोडल्या होत्या.

"या, डॉक्टरीणबाई. तुम्हीही दगड आणलाय का?"

ओढ्याच्या पाण्यावरून त्याचं लेओनीशी जुनं वैर. पाद्र्याशी वैर, पंचायतीशी वैर. त्याच्या गाई मात्र बऱ्या दिसत होत्या, दुष्काळात दिसाव्यात त्याहून जरा जास्तच बऱ्या. सोलांज गोठ्याकडे वळली तसा तो दारात आडवा झाला. आत काही बघण्यासारखं नाही म्हणाला.

"बातिस्त, काल रात्री गावाने दगड मारले. पुढच्या वेळी काडी आणतील. आत काय आहे ते मला दाखवलंत तर मी निदान लोकांना सांगू तरी शकेन."

तो हातोडी खाली ठेवून बाजूला झाला.

आत अंधारात फांद्या रचलेल्या होत्या, पाल्याने भरलेल्या हिरव्या फांद्या. डोंगरात जुन्या काळी गवत संपलं की फ्रेनच्या झाडाचा पाला गुरांना घालायचे; पण ही झाडं कुठली हे सोलांजने ओळखलं. ती चर्चसमोरच्या रांगेतली होती, आणि त्यांची पानं वाळून गळली असं गाव समजत होतं. गाव टेकडीवर प्रार्थना करत होतं तेव्हा हा गडी चर्चच्या झाडावर चढून फांद्या तोडत होता.

"पाद्र्याला कळलं तर खाईल मला," तो म्हणाला.

सोलांजला हसू आवरलं नाही. तोही ओशाळं हसला, आणि हसल्यामुळे त्याची जीभ सुटली. त्याने सगळ्या गावाच्या कागाळ्या एका दमात ओतल्या. टँकरचं पाणी वाटताना लबाडी होते म्हणाला. लेओनीच्या गाई पितात ते पितात, पण ओनेझिमच्या गाई तर दारुड्यासारख्या ढोसतात, दोनदा रांगेत उभा राहतो म्हातारा, आणि मानाचा माणूस म्हणून कुणी बोलत नाही. झोपेचंही खोबरं झालंय.

"रोज पहाटे म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर धडधडत जातो समोरून. रोज. त्या बाईचं गवत वर नेतो म्हणे. एवढं गवत खातात तिच्या गाई, आणि उपाशी म्हणून रडायचं माझ्यासमोर?"

"रोज?" सोलांजने विचारलं.

"रविवार सोडून. रविवारी मूर्त्या उचलायच्या असतात ना."

ती मोटारीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. आठवड्याला एक खेप, लेओनी म्हणाली होती. गवताने भरलेली गाडी ह्या वर्षी गावातून गेली असती तर दहा खिडक्या उघडल्या असत्या. ओनेझिमच्या गाडीकडे मात्र कुणी मान वर करून पाहत नव्हतं, कारण तो लेओनीला मदत करतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला तो विचार नको होता. त्याने मूर्ती खांद्यावर घेतली होती, सगळ्यांच्या समोर. आग लागली तेव्हा तो तिच्यापासून वीस पावलांवर होता. आणि त्याचे हात भाजले होते, ते तिने स्वतः बांधले होते.

४

मनातली ती अढी काढून टाकायला ती शास्तांकडे गेली. चोर तो असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्याकडे ट्रक होता, त्याला गाई स्वस्तात हव्या होत्या, आणि आग लागल्याचा फायदा त्याच्याइतका कुणालाच नव्हता. तिने हे त्याच्या तोंडावर सांगितलं.

शास्तां रागावला नाही. त्याने जेंशियनची कडू दारू दोन पेल्यांत ओतली आणि म्हणाला की त्याचा ट्रक गावात शिरला तरी कुत्री भुंकतात, पोरं मागे धावतात. त्यातून गठ्ठे कसे काढायचे हे डॉक्टरांनी शिकवावं. बाकी चार-पाच गाईंसाठी काडी लावायची त्याला गरजच काय. ह्या उन्हाळ्यात सगळं खोरं त्याच्या दारात येत होतं. कुणी गाय विकायला, कुणी गवत मागायला.

"सगळे आले," तो म्हणाला. "एक व्हिदालांक सोडून. त्याने गायही विकली नाही आणि गवतही विचारलं नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्याकडे जादू आहे."

"त्यांच्याकडे जुनं गवत असेल."

"जुनं?" शास्तांने पेला खाली ठेवला. "त्याचं जुनं गवत एप्रिलमध्ये मीच उचललं की. त्यालाच घाई होती. नवीन गवत दारात उभं आहे, जुनं कशाला ठेवू, म्हणाला. मग मे आला, आणि ते दारातलं उभ्याउभ्या करपलं. त्याने कुणाला सांगितलं नसणार. मीही बोललो नाही. धंद्यात तोंड मिटून ठेवावं लागतं."

सोलांजच्या पेल्यातली दारू तशीच राहिली.

५

दुसऱ्या दिवशी पहाटे, धारेच्या वेळेला, ती ओनेझिमच्या गोठ्यात उभी होती. भाजलेल्या हातांनी धार काढता यायची नाही, म्हणून आले, असं तिने सांगितलं. त्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. शेजारचा गडी येणार आहे, तू कशाला त्रास घेतेस, असं म्हणून पाहिलं. तिने आधीच एका पायाचं स्टूल कंबरेला बांधलं होतं. ती चीज करणाऱ्याची लेक. बोल फुटायच्या आधीपासून गोठ्यात वाढलेली.

गव्हाणीत गव्हाचं काड होतं आणि थोडा पाला. इतरांच्या गव्हाणीत होतं तेच. तिला हायसं वाटलं.

सालेर गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. वासराला आधी दोन घोट पिऊ द्यायचं, मग आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि त्याच्या पाठीवर चिमूटभर मीठ टाकायचं. आई ते चाटत राहते आणि धार निघते. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. ह्या उन्हाळ्यात काड खाऊन गाई मिठासाठी इतक्या वखवखल्या होत्या की लोकांच्या घामेजल्या बाह्या चाटायच्या, भिंती चाटायच्या.

तिने वासरू बांधलं, पाठीवर मीठ टाकलं. गाय वाकली, हुंगली आणि मान फिरवून तिने समोर बघायला सुरुवात केली.

सोलांजने पुन्हा थोडं टाकलं. गाईने ओझरती जीभ फिरवली, तीही वासराच्या कानावर. मीठ तसंच पांढरं राहिलं.

"तिची तब्येत बरी नाही," मागून ओनेझिम म्हणाला. "आग बघून बिचकलीय."

ती पुढच्या गाईकडे गेली. त्या गाईनेही मीठ तसंच ठेवलं. तिच्या पुढचीनेही. कोपऱ्यातलं पाण्याचं टाकं कोरडं पडलं होतं. गव्हाणीतल्या काडाला एकीनेही तोंड लावलेलं नव्हतं, भरल्या पोटाने त्या नुसत्या रवंथ करत होत्या.

"सगळ्याच बिचकल्यात, काका?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

 तिने धारा पुऱ्या केल्या, दूध लाकडी पिंपात ओतलं, स्टूल सोडलं आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली. मोटार तिने फाट्यापाशी डोंगराच्या रस्त्याला वळवली.

वर, करपलेल्या कुरणात, व्हिदालांक घराण्याचं दगडी चीजघर होतं. दर उन्हाळ्यात तिथे माणसं राहायची, चीज करायची. त्या वर्षी कळप खाली आणल्यापासून ते बंद होतं. तिथे जायचं कुणाला काही कारण नव्हतं. दारासमोरच्या धुळीत ट्रॅक्टरच्या चाकांवर चाकं उमटली होती.

दाराला नुसती कडी होती. आत थंडावा होता, आणि वास. डोंगराच्या गवताला येतो तसा गोड नाही. ओल्या दोरखंडासारखा, बंदरासारखा. छपरापर्यंत गठ्ठे रचलेले होते आणि प्रत्येकावर गंजकी तार. सोलांजने एक काडी उपसली आणि जिभेवर ठेवली. खारट.

तेवढ्यात आतला उजेड गेला. दारात कुणीतरी उभं होतं.

६

ओनेझिम चढून आल्यामुळे धापा टाकत होता. बांधलेल्या दोन्ही हातांत त्याने गवत उचलायचा लांब काटा धरला होता. त्याची टोकं तिच्याकडे होती. 

"ते खाली ठेवा, काका. हातांच्या जखमा उलतील."

त्याने काट्याकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग तो भिंतीला टेकवून ठेवला आणि एका गठ्ठ्यावर बसला.

त्याने फार काही लपवलं नाही. जुनं गवत विकल्यावर मेमध्येच त्याला कळून चुकलं होतं, पण ते सांगायचं कुणाला? सगळं खोरं त्याला विचारून पेरणी-कापणी करायचं. लेओनीच्या खाऱ्या गवताला तो चारचौघांत हसला होता. त्याच लेओनीने आपणहून किल्ली हातात दिली, खेपा टाकायला. पहिल्यांदा त्याने थोडंसंच नेलं, एक आजारी गाय उभी राहावी म्हणून. ती उभी राहिली. मग दुसरी. पहाटे आणलेलं गवत तो इथे रचायचा आणि रात्री थोडं थोडं खाली नेऊन गाईंना घालायचा. मग शेड इतकी रिकामी झाली की पुढच्या आठवड्यात लेओनी स्वतः उतरली असती तर तिला नुसती रिकामी जमीन दिसली असती.

"आणि मिरवणूक?"

मागची रांग ठेवून त्यात जाड मेणबत्ती पेटवली होती, तिच्या बुडाशी सुकं काड. वर चॅपेलपर्यंत जायला लागणाऱ्या वेळात ती बुडापर्यंत जळाली असती. खांद्यावर संत असलेल्या माणसाला कोण विचारणार.

"हात का घातलेत मग आगीत? नाटक होतं ते?"

म्हाताऱ्याने हातांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"आधी तसंच होतं, लोक बघतायत तर धावावं," तो म्हणाला. "पण लेओनी उभी होती ना तिथे. तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, एक तरी गठ्ठा हाती लागू दे. एक तरी. खरं सांगतो पोरी, त्या क्षणाला मी विसरलोच होतो की आग मीच लावलीय."

सोलांजचा त्यावर विश्वास बसला. त्यामुळे ते सोपं झालं नाही.

"बातिस्तच्या काचा फोडल्या लोकांनी. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"त्याला कुणीच मानत नाही," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याने मान खाली घातली.

तिने त्याला सांगितलं की ती पोलिसांकडे आज जाणार नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर चौकात सगळे असतात. तिथे, बातिस्तच्या समोर, त्याने स्वतः सांगायचं. तो नाही बोलला तर ती बोलेल. जाताना त्याने तिला हाक मारली, फक्त "पोरी" एवढीच. ती थांबली नाही. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय, आणि नेमकं कुणासाठी ते तिला ठरवता येईना.

७

रविवारपर्यंतचे दिवस ती लोकांच्या नजरा टाळत राहिली. तो पळून जाईल, गळ्याला दोर लावेल, नाहीतर उलट तिलाच खोटं पाडेल, असं काहीही तिच्या मनात येत होतं. त्याचा शब्द आणि तिचा शब्द समोर ठेवले तर गाव कुणाचा उचलेल हे तिला ठाऊक होतं.

तो आला. चांगला कोट घालून, टोपी हातात धरून. चर्चच्या पायरीवर उभा राहून त्याने सांगितलं. लांबण लावली नाही, दुष्काळाला दोष दिला नाही. आधी लोकांना वाटलं म्हातारा दुःखाने भ्रमिष्ट झालाय. मग शास्तांने टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली, तेव्हा हे खरं आहे हे त्यांना कळलं.

बातिस्त रूमेगू घोळक्याच्या कडेला उभा होता. त्याच्याकडे बघायची कुणाची हिंमत होत नव्हती. ओनेझिम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याची माफी मागितली. बातिस्तने एवढंच म्हटलं, "माझ्या घरावर दगड आले ते दुसऱ्यांचे होते. त्यांनीही यावं." कुणी पुढे झालं नाही.

लेओनी जागेवरून हलली नव्हती. ओनेझिम तिच्याकडे वळला, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. त्याचं माफी मागणं तिने ऐकून घेतलं नाही. दुपारी पोलिसांची गाडी त्याला घेऊन गेली, तेव्हाही ती बघायला आली नाही.

संध्याकाळी सोलांज ओनेझिमच्या गोठ्यावर आली. मालक नाही, गुरांचं काय होतंय बघावं म्हणून. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. लेओनी आत एकेक गाय सोडत होती. तिच्या हातात काठी होती, तोंडात शिव्या होत्या, आणि गाई तिला ओळखत नसल्याने गोंधळून एकमेकींच्या अंगावर जात होत्या. शास्तां रस्त्यावर उभा राहून सांगत होता की हा वेडेपणा आहे. परत मिळालेलं गवत तिच्या स्वतःच्या गाईंनाच हिवाळाभर पुरायचं नाही. ह्या कळपाचा भाव तो आत्ता, इथल्या इथे द्यायला तयार आहे, आणि तिचं जे नुकसान झालं ते त्यातून वळतं करून घ्यायला कोर्टही नाही म्हणणार नाही.

"बाजूला हो, शास्तां," लेओनी म्हणाली. "शिंग लागेल."

सोलांजने विचारलं, खरंच ह्यांना नेणार? ज्याने तुम्हाला लुटलं त्याच्या गाईंना तुमचं उरलंसुरलं गवत घालणार?

लेओनीने पदर खोचल्यासारखं ॲप्रन कंबरेला घट्ट बांधलं.

"इथे राहिल्या तर रात्रभर हंबरतील. माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. मला झोप लागायची नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "हिवाळ्यात संपेल सगळं. संपलं की परत समुद्राला जाईन. त्या म्हाताऱ्याकडे अजून थोडं होतं. व्हिदालांक आला सुटून तर येऊ दे, गाई घेऊन जाऊ दे. मी त्याच्याशी बोलणार नाही. पण गाईंशी माझं काही भांडण नाही."

कळप रस्त्याला लागला. तांबड्या पाठींवर धूळ बसत होती. खिडक्यांच्या पडद्यांमागून गाव बघत होतं, आणि फाट्यावर बातिस्त पुठ्ठा ठोकलेल्या खिडकीशी टेकून उभा होता. पुढची गाय तिथे पोचली आणि घुटमळली. तिने मान वळवली, आपल्या गोठ्याच्या दिशेने एकदा हंबरली आणि मागे फिरू लागली. तिच्यामागच्या सगळ्याच थबकल्या.

सोलांज धावत पुढे झाली आणि रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाय तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, फुसफुसली.

"तिकडे नाही," सोलांज म्हणाली. "तिकडे कुणी नाही आता. चल."

गाय थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं आणि लेओनीच्या घराचा चढ चढायला लागली.